सात दिवस हात लावायचा नाही

बसा ना बाई, बसा. त्या खुर्चीत नको, ती डुगडुगते, इकडे खिडकीपाशी या. तुम्हाला म्हणत होतो ते हेच, की आजचा दिवस तसा बरा आहे. शून्याखाली अठरा आहे, पण वारा पडलाय, आणि वारा पडला की थंडी आपली गपचूप उभी असते, अंगावर धावून येत नाही. आभाळ बघा कसं घासून ठेवल्यासारखं झालंय, आणि सूर्याच्या डाव्या-उजव्या अंगाला ते दोन खोटे सूर्य — आम्ही त्यांना सूर्याची कुत्री म्हणतो, धनी निघाला की दोन्हीकडून चालतात. गाडीची वायर जोडलीत ना भिंतीवरच्या खोक्याला? जोडली असेलच, तुम्हीही डाकोटातल्याच. नाही जोडली तर इंजिन गोठेल आणि मग मुक्काम आमच्यातच, आणि तुमचा रोजचा दर काय धरायचा ते विचारायला आमच्या कागद भरणाऱ्या नर्सला, डेल्फीनला, परत तुमच्याच कचेरीत कागद पाठवावा लागेल. — हसलात, बरं झालं. मागच्या खेपेला राजधानीहून जे गृहस्थ आले होते ते दोन दिवसांत एकदा हसले, तेही काकडी खाताना, म्हणजे मला तसं वाटलं, कदाचित काकडीच आंबट असेल.

डेल्फीन येईल दहा मिनिटांत. पलीकडच्या दालनात फ्लोरियन घसरलाय, लागलं नाहीये, पण घसरला की तीन कागद भरावे लागतात, उभा राहिला असता तर एकही नाही. तोवर कॉफी घ्या. पातळ आहे, आमच्याकडे पातळच असते, तळ दिसला पाहिजे. आणि हे कूखन घ्या, आत सायीचं पुरण आहे आणि सुकवलेले आलुबुखार. मी ऑटमार. ऑटमार वांगलर, खोली अकरा. शाळा सहावीपर्यंत, तीसुद्धा ज्या दिवशी बर्फ नसेल त्या दिवशी. साठ वर्षं गाई सांभाळल्या. लिहिण्यावाचण्यात आपण काही कोणी नाही, पण या शुश्रूषाघराला राज्य माणशी, दिवसाला किती पैसे देतं आणि ते कसे ठरतात, ते मला विचारा. — तुमचंच काम आहे ते, माहीत आहे, पण मी कसं समजून घेतलंय ते तर ऐका, चुकलं तर सांगा.

असं आहे बघा. दराचे चार भाग. एक खाण्याचा आणि कपडे धुण्याचा. एक कारभाराचा, म्हणजे कागद, आणि ते कागद लिहिणारी माणसं. एक छपराचा आणि भिंतींचा. घर दर वर्षी आपला खर्च लिहून पाठवतं, तुमच्याकडचे लोक चष्मा लावून म्हणतात, एवढा चालेल, याच्यापुढचा तुमचा तुम्ही बघा. हे तीन भाग आम्हा सगळ्यांना सारखेच, माझ्या डोक्यावर जेवढं छप्पर तेवढंच दुसऱ्याच्या. पण चौथा भाग हातांचा. म्हणजे माझ्यासाठी दिवसातून किती वेळा दुसऱ्या कोणाचे हात लागतात — उठवायला, बसवायला, न्हाऊ घालायला, घास भरवायला. डेल्फीन मागचे सात दिवस बघते, कामावरच्या पोरींनी काय काय लिहिलंय ते बघते, तक्ता भरते, तक्ता तुमच्याकडे येतो, आणि तुमचं यंत्र सांगतं हा माणूस या गटात, याचा दिवस एवढ्या डॉलरचा. ज्याला हात जास्त लागतात त्याचा दिवस महाग. ज्याला कमी, त्याचा स्वस्त. बरोबर? — बघा, सहावी शिकलोय फक्त.

यात एक मजा आहे. आमच्या अडेलहाइडबाई, खोली तीन, त्यांची चार चौरस मैल जमीन आहे, त्या राज्याकडून एक पैसा घेत नाहीत, सगळं स्वतःच्या खिशातून भरतात. पण आपल्या राज्याचा कायदाच असा, की खिशातून भरणाऱ्याकडून घरानं जास्त घ्यायचं नाही, दर सगळ्यांना त्याच मापानं. आणि बाई आहेत खुटखुटीत, स्वतः उठतात, स्वतः वेणी घालतात. त्यामुळे त्यांचा दर सगळ्या घरात खालचा. तर त्या हे जेवणाच्या टेबलावर सांगतात हो, लिलावात बैल स्वस्तात मिळाल्यासारखं. फ्लोरियनला म्हणतात, तू महाग पडतोस रे राज्याला. फ्लोरियन बिचारा मान खाली घालून बटाटा खातो.

पण तुम्ही आलात इंगवाल्डच्या कागदासाठी. खोली बारा, माझ्या समोरची. — नाही नाही, मला कोणी सांगितलं नाही, भिंती आहेत पण पातळ आहेत. तक्त्यात उडी दिसली म्हणून आलात, हो की नाही? वर्षभर कागद म्हणतोय या माणसाला कोणाचे हात लागत नाहीत, स्वतः कपडे घालतो, स्वतः जेवतो, आणि नोव्हेंबरात तुमच्या कचेरीचं पत्र गेलं की असं असेल तर राज्य याचे रोजचे पैसे देणार नाही, याला इथे राहायची गरज नाही — आणि डिसेंबरात एकदम कागद म्हणतो, याला हात लागतात. तुम्हाला वाटणारच की घरानं पत्र वाचून तक्ता फुगवला. मीही तुमच्या जागी असतो तर हेच म्हणालो असतो. पण तसं नाहीये. तुम्ही कॉफी प्या, मी सांगतो. त्याला इथून जावं लागलं तर जागा नाहीये त्याला कुठे. घर विकलं, बायको बेर्गिट गेली, लेक अ‍ॅरिझोनात दोन खोल्यांत चार जणांसकट राहते. तुमच्या त्या पत्रात नव्वद मैलांवरच्या एका इमारतीचं नाव होतं, चौथा मजला, स्वयंपाक स्वतः करायचा. ज्या हातांना सुरी धरता येत नाही त्यांनी.

इंगवाल्ड म्हणजे जनावरांचा डॉक्टर. चाळीस वर्षं. या जिल्ह्यात अशी गाय नसेल जिला त्याचा हात ठाऊक नाही. आणि आता तेच हात असे, बघा, असे वळलेत, बोटं एकमेकांवर चढलीत, शिवाय थरथरतात. आणि माणूस हट्टी. नॉर्वेजियन. आम्ही जर्मन हट्टी असतो, पण आम्ही हट्ट बोलून दाखवतो, म्हणजे समोरच्याला कळतं तरी. ते गप्प बसून हट्ट करतात. तसं या घरात कोणालाच काही होत नाही म्हणा. नर्सनं विचारलं कसं आहे, तर उत्तर एकच, फार वाईट नाही. फ्लोरियनचा पाय मोडला होता तेव्हा रुग्णवाहिकेत घालताना म्हणाला, फार वाईट नाही. डेल्फीन म्हणते, अहो तुम्ही सगळे मिळून या घराला भिकेला लावाल, तक्त्यावर बघावं तर इथे सगळे ऐंशी-नव्वद वर्षांचे पैलवान राहतात. पण काय करणार, लहानपणापासून तसंच शिकवलेलं, की दुसऱ्याला आपल्यापेक्षा जास्त त्रास आहे, आपण कशाला बोलायचं.

तर हा इंगवाल्ड इथे आला त्याच्या दुसऱ्या सकाळी मी पाहिलं. दार उघडं होतं. पलंगावर बसलेला, शर्ट अंगात, आणि वरचं बटण धरायला बघतोय. मी उभा राहिलो दारात. तो मला बघत नव्हता, बटणाला बघत होता, जसं अडलेल्या गाईला बघायचा तसा — ओळखतो ना मी ते बघणं. माझ्याकडे एकदा मार्च महिन्यात वासरू उलटं आलं होतं, बाहेर हिमवादळ, सहा मैल चालत आला होता तो, गाडी रुतली म्हणून. शर्ट काढला आणि खांद्यापर्यंत हात आत, आणि मी शेपूट धरून उभा, चार तास. गाय वाचली, वासरूही वाचलं. पैसे विचारले तर म्हणाला, अंडी दे. तर मी आत गेलो आणि काही न बोलता बटणं लावायला लागलो. खालून वर. सात बटणं.  चौथ्या बटणाला तो म्हणाला, तुझी ती तांबडी गाय पुढे किती वर्षं जगली? म्हटलं, अकरा. झालं. तिथून पुढे रोज. पोरी सातला फेरीला येतात, मी साडेसहाला जायचो. बटणं, पट्टा, दाढी. जेवताना मी त्याच्या शेजारी बसायचो आणि त्याच्या ताटातलं मांस कापायचो, अडेलहाइडबाईंना वाटायचं मी चोरून खातोय, त्या मला लांडगा म्हणायच्या. वर्षभर लांडगा म्हणवून घेतलं बाई, पण कोणाला कळू दिलं नाही. पोरी यायच्या तेव्हा डॉक्टर तयार होऊन खुर्चीत बसलेले असायचे. कोणी घातले कपडे? मीच. पोरी लिहायच्या, स्वतः. त्यांचं काय चुकलं?

पत्र आलं तेव्हा त्यानं ते वाचलं आणि घडी करून पाकिटात घालायला त्याला इतका वेळ लागला, की मी उठून खिडकीतून बाहेर बघत बसलो. मग म्हणाला, फार वाईट नाही. चौथा मजला म्हणजे उजेड असेल.

मी त्या दुपारी डेल्फीनकडे गेलो. म्हटलं, मी करतो त्याचं सगळं, वर्षभर मीच करतोय. ती पेन खाली ठेवून माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं शाबासकी देते. ती म्हणाली, "ऑटमार, तुमचे हात मोजत नाहीत. एका रहिवाशानं दुसऱ्याला केलं तर ते त्यानं स्वतः केल्यासारखंच. पगारावर असलेल्या माणसाचे हात लागले तरच तो हात." मी म्हटलं, मग माझं हे वर्षभर, हे काय? ती म्हणाली, ते चांगुलपण झालं, त्याला रकाना नाही. — तुम्ही मान हलवताय म्हणजे खरंच नाही. असो. मग तिनं सांगितलं, गुरुवारपासून पुढच्या बुधवारपर्यंत नव्यानं बघायचं, सात दिवस. त्यातले तीन दिवस तरी पोरींनी कपडे घातल्याचं लिहिलेलं पाहिजे, आणि खरं पाहिजे, खोटं मी लिहिणार नाही. आणि त्या सात दिवसांत तुम्ही त्याला हात लावायचा नाही.

आता हे ऐकायला सोपं आहे. गाईला वेण सुरू झाल्यावर गोठ्यात उभं राहून काही करायचं नाही, असं कोणी सांगितलं तर करून बघा. गुरुवारी साडेसहाला मी माझ्या खोलीत पलंगावर बसलो आणि दोन्ही हात मांड्यांखाली घातले. हसू नका, खरंच घातले. समोरच्या खोलीतून कपड्याचा हँगर पडल्याचा आवाज आला. मग बराच वेळ काही नाही. मग परत हँगर. पोरगी गेली सातला, दार वाजवलं, मदत करू का म्हणाली, तो आतून म्हणाला, गरज नाही. नाश्त्याला आला तो काय घालून — बाहेरचा जाड कोट, झोपेच्या कपड्यांवर, चेन गळ्यापर्यंत ओढलेली, दातांनी ओढली असणार. जेवणघरात शेकोटीसारखं तापलेलं असतं, आम्ही सगळे शर्टात, आणि हा कोटात घामाघूम होऊन अंडं खातोय. अडेलहाइडबाईंनी विचारलं, इंगवाल्ड, कुठे निघालास? म्हणाला, थंडी वाजतेय. आणि मांस कापायला मी नाही म्हणून त्यानं मांस घेतलंच नाही. शुक्रवारी परत कोट. पोरींनी दोनदा विचारलं, दोनदा नको म्हणाला, आणि त्यांनी लिहिलं, नको म्हणाला. डेल्फीन म्हणाली, नको म्हणाला म्हणजे शून्य. शनिवारी तो खोलीतून बाहेरच आला नाही.

दोन दिवस वाया, तिसरा चालला. मी दाराशी गेलो. हात खिशात घालून उभा राहिलो, म्हणजे कोणी बघितलं तर दिसावं की हात खिशात आहेत. म्हटलं, जेवायला चल. म्हणाला, भूक नाही. म्हटलं, शर्ट घाल. म्हणाला, तू घाल. म्हटलं, मला मनाई आहे.

"कोणाची?"

"राज्याची."

आतून म्हणाला, "राज्याला माझ्या शर्टाशी काय करायचंय?"

मग मी त्याला सांगितलं सगळं. चार भाग, हातांचा भाग, तीन दिवस, सगळं. तो ऐकत होता. डॉक्टर माणूस, त्याला कळायला वेळ लागला नाही. म्हणाला, म्हणजे मला स्वतःचं स्वतःला होत नाही, असं लिहून हवंय त्यांना. म्हटलं, हो. म्हणाला, चाळीस वर्षं मी लोकांना सांगत आलो की जनावर आपल्या पायांनी उठत असेल तर त्याच्या वाटेला जाऊ नका. म्हटलं, तू जनावर नाहीस. म्हणाला, जनावराला कोणी पत्र पाठवत नाही, एवढाच फरक. आणि दार लावून घेतलं. पायानं. मी माझ्या खोलीत येऊन बसलो आणि खरं सांगतो, मला वाटलं, गेला हा चौथ्या मजल्यावर.

रविवारी चेबेतची पाळी होती. ती आमच्या पोरींतली एक, केनियाची, तिथल्या डोंगरातली, अंगानं चवळीची शेंग पण फ्लोरियनला एकटी उचलते. तिच्या घरी गाई आहेत, हे मला ठाऊक होतं, कारण गाईवाला माणूस गाईवाल्याला ओळखतो, ती कोणाच्या मागून जाताना हात आधी पाठीवर ठेवते, म्हणजे दचकत नाही माणूस. तर ती सातला बारा नंबरात गेली, हातात फोन. दार उघडंच ठेवलं. मी समोर माझ्या हातांवर बसलेलो. तिनं विचारलंच नाही मदत करू का. म्हणाली, डॉक्टर, माझ्या भावाची कालवड काल व्याली आणि वार अजून पडली नाही, आई म्हणते ओढून काढ, भाऊ फोनवर आहे, काय सांगू? इतर सगळे त्याला इंगवाल्ड म्हणतात, ती डॉक्टर म्हणाली. मी आवाज ऐकला त्याचा, वर्षभरात असा ऐकला नव्हता — "ओढू नको म्हणावं. हात लावू नको. ताप आहे का विचार." तिनं तिच्या भाषेत विचारलं. मग म्हणाली, ताप नाही. "चारा खाते?" खाते म्हणतो. "मग थांबा म्हणावं, दोन दिवस थांबा, आपोआप पडेल. वास बदलला तर मला सांग." आणि हे चाललेलं असताना तिनं फोन कानाशी खांद्यानं धरला होता, आणि तिचे दोन्ही हात मोकळे होते, आणि त्या हातांनी ती बटणं लावत होती. तो बोलत होता, आणि हनुवटी वर करत होता, म्हणजे वरचं बटण लावायला. मला सात बटणांना चार मिनिटं लागायची. तिला मिनिटसुद्धा लागलं नाही.

मी आनंदानं उठलो. आणि मग बसलो परत. तुम्हाला सांगू नये, पण असं वाटलं की... नाही, जाऊ द्या, ते काही तुमच्या कामाचं नाही.

सोमवारी दुसऱ्या गाईला पोटफुगी. मंगळवारी वासराला हगवण. बुधवारी आणखी कोणाच्या तरी खुराला काही झालं. डॉक्टर सकाळी तयारच असायचा बसून, ती आली की विचारायचा, आज कोण आजारी? आणि हात पुढे. न्याहारीला मांसही कापून देऊ लागली ती, गाईचा सड कुठे सुजतो ते त्याच्या ताटात सुरीनं दाखवत दाखवत, अडेलहाइडबाई उठून दुसऱ्या टेबलावर गेल्या. मी चेबेतला बाजूला घेऊन विचारलं, पोरी, तुझ्या भावाच्या गोठ्यात इतके रोग आहेत तरी किती? तर म्हणाली, दोनच गाई आहेत आजोबा, आणि रविवारपासून दोन्ही ठणठणीत आहेत. मी इंगवाल्डला सांगितलं नाही. आणि मला वाटतं त्याला पहिल्यापासून ठाऊक आहे. चाळीस वर्षं लोकांनी फोनवर सांगितलेल्या लक्षणांवरून औषध दिलंय त्यानं, त्याला खरी आजारी गाय कळत नाही होय?

तर चार दिवस झाले सातांतले. रविवार, सोमवार, मंगळ, बुध. आणि तेव्हापासून रोज. म्हणून तक्त्यात उडी. तो डिसेंबरात बिघडला नाही बाई, तो आला तेव्हाच असा होता, मधलं वर्ष माझे हात होते तिथे, आणि माझ्या हातांना रकाना नाही. एवढंच आहे. त्याचा आताचा कागद खरा आहे. — हो, मी स्वतः केलं. रोज. एकही दिवस चुकला नाही. — जमायचं म्हणजे? का नाही जमणार? दाढी तर मी त्याची वस्तऱ्यानं करायचो, बघा माझा हात, कॉफीचा कप भरलेला धरतो, हलतोय का? — खुबा? खुब्याचं काय? तो मोडला होता दोन वर्षांपूर्वी, म्हणून तर आलो इथे, पण तो केव्हाच सांधला. हे बघा. उभा राहिलो. काठी खुर्चीलाच आहे. हा चाललो दारापर्यंत, हा वळलो. परवा त्याच्या खिडकीचा पडदा निघाला तर स्टुलावर चढून मीच लावला. त्याला आंघोळीच्या खुर्चीतून उचलायचो ना मी, एकशे नव्वद पौंड आहे तो, तुम्ही म्हणता जमायचं का —

काय म्हणालात?

मोजे? माझे मोजे चेबेत घालते. नाहीतर दुसरी कोणी पोरगी. लिहिलंच असेल माझ्या कागदात, बूट आणि मोजे, पायजम्यात पाय घालणं, पलंगावरून उठताना आधार. — नाही, वाकता येतं. वाकता येतं म्हणजे... येतं. साडेसहाला मी मोजे-बूट घालूनच समोर जायचो ना. मग सात वाजायच्या आत परत यायचो आणि... काढून ठेवायचो. आणि पाय पुढे करून बसायचो.

तुम्ही माझं नाव लिहिताय का वर? वांगलरमध्ये एक 'ल' जास्त झाला तुमचा.

पुसता येतं का ते? — नाही ना. नको, पुसू नका. असं बघा, सगळ्या घरात फार वाईट नाही म्हणणारे एकोणचाळीस, आणि फार वाईट आहे म्हणणारा मी एकटा. मला खोटं बोलायला आवडतं अशातला भाग नाही. पुतणी आहे मला, मार्लिस, चाळीस मैलांवर. तळघरात खोली काढून ठेवलीय तिनं, भिंतींना रंगसुद्धा दिलाय, तीनदा विचारायला आली. चांगली आहे पोरगी. खुबा सांधला तेव्हाच जाणार होतो. सामान बांधलं होतं. आणि त्याच आठवड्यात समोरच्या खोलीत हा आला, आणि दुसऱ्या सकाळी दार उघडं राहिलं. मग मी गेलो असतो तर साडेसहाला कोण? म्हणून डेल्फीननं विचारलं की म्हणायचो, दुखतं. आणि पाय पुढे करायचो. तिला वाटायचं, चला, या घरात एक तरी माणूस खरं बोलतो.

तिच्यावर येऊ देऊ नका हे. तिला ठाऊक नाही. पोरींनाही नाही, त्यांनी मोजे घातले ते खरंच घातले, हात लागले ते खरे लागले, फक्त पाय खोटा होता. तर असं करा, दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवा. माझा खोटा आहे म्हणून त्याचा खरा आहे. माझ्यात एवढा दम होता म्हणून त्याच्यातही तो आहे असं कागदावर दिसत होतं. एकावरून दुसरा पटेल तुमच्या लोकांना, यंत्रालाही पटेल. आणि त्याला चेबेत आहे आता. मी काय, मी गेला दीड महिना नुसता समोर बसून असतो, हात मोकळे.

— माझ्या पैशांचं काय ते नंतर बघू, जे परत मागायचं ते मार्लिसच्या पत्त्यावर मागा, मी नाही म्हणणार नाही. त्याचं मात्र आज लिहून टाका. आज, हं. तुमच्या समोर तक्ता आहे तोवर.

ती बघा डेल्फीन आली, फ्लोरियनचे कागद झालेले दिसतात. जा तुम्ही, डावीकडे तिसरं दार, कूखन कागदात बांधून देतो ते जाताना न्या. मी बसतो इथेच. सकाळी मी इंगवाल्डला सांगितलं होतं तुम्ही येणार म्हणून. म्हणाला, मग तू बोलणार. म्हटलं, मी कशाला बोलतोय, चार भाग सांगेन आणि गप्प बसेन. तो खिडकीतून रस्त्याकडे बघत राहिला, चेबेतनं वरचं बटण लावून होईपर्यंत, आणि मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "मंगळवारी येत जा. रस्ता गोठला असेल तर बुधवारी."